आधी शुद्धिपत्र वाचावे

मराठी पुस्तके वाचत वाढलेल्या कोणालाही शुद्धिपत्र ही चीज नवी नाही. पुस्तक छापून, बांधून तयार होते आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते, की अमुक पानावर 'दिन'च्या जागी 'दीन' पडले आहे आणि तमुक ओळीतला अनुस्वार गळाला आहे. सगळ्या प्रती पुन्हा छापणे परवडत नाही. म्हणून शेवटी एक पान चिकटवले जाते : डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. आपण ते सहसा पाहत नाही, आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. वाचणारा माणूस असतो. संदर्भावरून 'दीन'चा 'दिन' करून घेतो.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही असे शुद्धिपत्र असते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर 'ज्ञात अडचणीं'ची यादी प्रसिद्ध होते. आपल्या शेजारच्या रेड हॅट कंपनीने तर आपल्या दुरुस्त्यांना इंग्रजी छपाईतलाच शब्द दिला : 'एराटा', म्हणजे शब्दशः शुद्धिपत्र. फरक एवढाच, की येथे वाचणारे यंत्र असते आणि यंत्राला संदर्भ कळत नाही. शुद्धिपत्र न वाचता इन्स्टॉलेशन सुरू केले, तर त्याची किंमत कधी एक संध्याकाळ असते, तर कधी दहा वर्षांचे फोटो.

हा विषय काढण्याचे कारण घरगुती आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यापुढची विंडोज ११ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हाच तिने अटी घातल्या होत्या : टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर साधारण २०१७ च्या अखेरीनंतरच्या पिढीचा हवा. त्यामुळे आपल्या मॉरिसव्हिल-केरी परिसरातल्या अनेक घरांत एक धडधाकट लॅपटॉप 'जुना' ठरून कपाटात गेला. त्याचे काय करावे, असे मला बरेच जण विचारतात. त्यावर उबुंटू किंवा फेडोरासारखी लिनक्सची मोफत प्रणाली घालावी, तो आणखी काही वर्षे चालेल, हे उत्तर बरोबर आहे. पण अपुरे आहे. घालताना काय बिघडू शकते आणि ते कसे निस्तरायचे, हे कळल्याशिवाय ते उत्तर कोणाला देऊ नये.

इन्स्टॉलेशनचे दोष वेगळे का?

एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली, तर कंपनी ती दुरुस्त करते आणि दुरुस्ती इंटरनेटवरून आपल्या यंत्रात येऊन बसते. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण ही सोय चालू असलेल्या यंत्रासाठी आहे. इन्स्टॉलरच्या स्वतःच्या चुकीला ती लागू पडत नाही. इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबला, तर जी प्रणाली दुरुस्ती उतरवून घेणार ती मुळात अस्तित्वातच आलेली नसते. कुलूप लावलेल्या घरात किल्ली राहावी तसा हा प्रकार आहे. शिवाय इन्स्टॉलर ज्या सीडीवर किंवा प्रतिमा-फाइलमध्ये असतो ती एकदा तयार झाली की झाली. छापलेल्या पुस्तकासारखीच ती बदलत नाही.

म्हणून इन्स्टॉलेशनमधले ज्ञात दोष दुरुस्त करण्याचे तीनच मार्ग आजवर सापडले आहेत. एक, सुरुवातीलाच दुरुस्तीचे चिठोरे इन्स्टॉलरच्या हातात देणे. दुसरा, दोष तसाच ठेवून त्याला वळसा घालणे. तिसरा, सगळी आवृत्ती मागे घेऊन नवी काढणे. या तिन्हींचा इतिहास बराचसा आपल्या परिसराशी जोडलेला आहे.

शेजारची गोष्ट

रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ मध्ये स्थापन झाले आणि १९६५ मध्ये आयबीएमने तेथे येण्याचे ठरवले. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटरचा व्यवसाय २००५ मध्ये लेनोव्होने घेतला, आणि लेनोव्होचे अमेरिकेतील मुख्यालय आपल्या मॉरिसव्हिलमध्ये आले. रेड हॅटचे बिऱ्हाड आधी डरहॅमला होते, पुढे ते रॉलीला गेले. २०१९ मध्ये ती कंपनीही आयबीएमने विकत घेतली. म्हणजे यंत्र बनवणारे आणि प्रणाली बनवणारे एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. यंत्र आणि प्रणाली यांचे न जुळणे हेच बहुतेक इन्स्टॉलेशन-दोषांचे मूळ असते.

नव्वदीतला सर्वांत गाजलेला दोष १०२४ सिलिंडरचा. संगणक सुरू होताना बायोस नावाचा मूळ प्रोग्रॅम डिस्कवरून पहिला मजकूर उचलतो. जुन्या बायोसमध्ये डिस्कवरची जागा सांगण्यासाठी तीन आकडे असत : सिलिंडर, हेड आणि सेक्टर. सिलिंडरच्या आकड्याला दहाच बिटे राखून ठेवलेली, म्हणून तो १०२४ च्या पुढे जाऊ शकत नसे. १०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट यांचा गुणाकार केला, तर साधारण ८.४ अब्ज बाइट होतात. बाजारात डिस्क त्याहून मोठ्या आल्या आणि गंमत सुरू झाली. इन्स्टॉलेशन निर्विघ्न पार पडे. पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या सीमेपलीकडे लिहिला गेला असेल, तर यंत्र पुन्हा सुरू करताना बायोसला तो सापडत नसे.

त्या वेळी लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव 'लिलो'. त्याची एक खुबी होती. आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरे तो एकदम छापत नसे. एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर उमटे. पडद्यावर 'एल' आणि 'आय' एवढीच दोन अक्षरे येऊन सारे थांबले, तर जाणकाराला कळे की दुसरा भाग उचलला गेला, पण चालू होऊ शकला नाही. डिस्कच्या मोजमापात कोठे तरी विसंगती आहे. चारही अक्षरे आली की सगळे ठीक. उपाय शुद्धिपत्रात दिलेला असे : डिस्कच्या अगदी सुरुवातीला 'बूट' नावाचा एक छोटा वेगळा विभाग करावा आणि कर्नल त्यात ठेवावा. दोष बायोसमध्येच राहिला. आपण वळसा घालून पुढे गेलो. पुढे लिलोलाच मोठ्या डिस्कचे पत्ते वाचता येऊ लागले आणि हे कलम यादीतून गेले.

या जुन्या गोष्टीतला धडा आजही उपयोगी आहे. 'इन्स्टॉल होत नाही' हे काही निदान नव्हे. डॉक्टरकडे जाऊन 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे ते आहे. कोठवर गेले आणि कोठे थांबले, हे सांगितले की अर्धे काम होते.

चिठोऱ्याचा मार्गही येथलाच. रेड हॅटने १९९९ च्या ६.१ या आवृत्तीत 'अॅनाकोंडा' हा नवा इन्स्टॉलर आणला. तो बराचसा पायथन भाषेत लिहिलेला असल्याने त्यातली एखादी फाइल ऐन वेळी बदलून देणे शक्य होते. सीडी बाजारात गेल्यावर दोष सापडला, की दुरुस्त फायलींची एक फ्लॉपी-प्रतिमा एराटामध्ये प्रसिद्ध होई. ग्राहकाने ती फ्लॉपीवर उतरवायची, यंत्र सुरू होताना 'लिनक्स अपडेट्स' एवढे टाइप करायचे आणि विचारले की फ्लॉपी आत सरकवायची. इन्स्टॉलर सीडीवरचा चुकीचा भाग सोडून फ्लॉपीवरचा बरोबर भाग वापरे. फ्लॉपी गेली, पण ही सोय फेडोराच्या इन्स्टॉलरमध्ये पुढेही टिकली. आता चिठोरे नेटवरून देता येते. मायक्रोसॉफ्टनेही २००१ च्या विंडोज एक्सपीपासून, इन्स्टॉलेशन सुरू करतानाच ताज्या दुरुस्त्या उतरवून घेण्याची सोय केली. म्हणून इन्स्टॉलर सुरुवातीला 'अपडेट्स घेऊ का?' असे विचारतो तेव्हा कंटाळून 'नको' म्हणू नये. तो तुमच्याकडे शुद्धिपत्र मागत असतो.

आवृत्ती मागे घ्यावी लागते तेव्हा

तिसरा मार्ग सर्वांत महागडा, आणि त्याची दोन उदाहरणे प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

उबुंटूची १७.१० ही आवृत्ती १९ ऑक्टोबर २०१७ ला आली. तिच्या कर्नलमध्ये इंटेलच्या एका चिपशी बोलणारा ड्रायव्हर चालू ठेवलेला होता. ज्या चिपमध्ये बायोस राहतो तिच्याशीच तो बोलत असे. काही लॅपटॉपांवर, विशेषतः लेनोव्होच्या काही मॉडेलांवर, या ड्रायव्हरमुळे ती चिप लिहिण्यासाठी बंद होऊन बसली. परिणाम विचित्र होता. बायोसमध्ये केलेला बदल जतन होईना आणि यूएसबीवरून यंत्र सुरू होईना. म्हणजे नवी प्रणाली घालून सुटका करून घेण्याची वाटच बंद. त्यातून काहींनी तर इन्स्टॉलसुद्धा केले नव्हते. यूएसबीवरून नुसते चालवून पाहिले होते. 'आधी चालवून बघा, त्याने काही होत नाही' हा सल्ला एरवी योग्यच; त्या आवृत्तीपुरता मात्र तो खोटा ठरला.

डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटूने डाउनलोडची सोय बंद केली आणि तो ड्रायव्हर काढून १२ जानेवारी २०१८ ला १७.१०.१ ही सुधारलेली आवृत्ती दिली. जी यंत्रे अजून सुरू होत होती त्यांच्यासाठी दुरुस्त केलेला कर्नल घालून यंत्र पुन्हा सुरू करण्याचा उपाय निघाला आणि अनेकांची चिप मोकळी झाली. पण ज्याने ऑक्टोबरची प्रत पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती, त्याच्या हाती जानेवारीनंतरही दोष तसाच राहिला. पेनड्राइव्हला शुद्धिपत्र आपोआप चिकटत नाही.

दुसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ ची आवृत्ती, क्रमांक १८०९, दोन ऑक्टोबरला प्रसिद्ध झाली आणि आठवड्याच्या आत थांबवावी लागली. ज्यांनी डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स हे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर वळवले होते, पण काही जुन्या फायली मूळ जागीच राहू दिल्या होत्या, त्यांच्या मूळ जागेतल्या फायली अपडेटने पुसून टाकल्या. मूळ जागा रिकामीच असणार, असे त्या प्रोग्रॅमने गृहीत धरले होते. नोव्हेंबर १३ ला ती आवृत्ती दुरुस्त होऊन परत आली. चटका लावणारी बाब पुढेच आहे. आधीची चाचणी-आवृत्ती वापरणाऱ्या काहींनी ही तक्रार प्रसिद्धीपूर्वीच नोंदवली होती. पण तिला पाठिंबा देणारे थोडे असल्याने ती गर्दीत दिसली नाही. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार किती गंभीर आहे, हेही सांगण्याची सोय ठेवली. दोष घडणे आणि दोष 'ज्ञात' होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये कोणी तरी लिहावे लागते आणि कोणी तरी ते वाचावे लागते.

याउलट वाट पाहिल्याचेही उदाहरण आहे. फेडोरा १८ साठी अॅनाकोंडा नव्याने लिहायला घेतला होता. तो वेळेत तयार होईना, तेव्हा आवृत्ती नोव्हेंबर २०१२ ऐवजी १५ जानेवारी २०१३ ला काढली. कोणते दोष असतील तर आवृत्ती बाहेर पडू द्यायची नाही, याचे लेखी नियम त्या प्रकल्पाकडे आहेत. उशीर झाला म्हणून टीका झाली. पण उशिराने कोणाचा फोटो पुसला जात नाही.

घरी करायचे काम

आता कपाटातल्या लॅपटॉपकडे वळू. पुढील क्रम मी नेहमी पाळतो.

पहिले काम यंत्र चालू असतानाच करायचे. सर्व फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-दोन फायली खरोखर उघडतात का ते पाहावे. न उघडून पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे, समजूत आहे. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल, तर ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्यावी. बायोसमधले काही बदलले की ती मागितली जाण्याचा संभव असतो.

दुसरे, मॉडेलचे नाव आणि नव्या प्रणालीचा आवृत्ती-क्रमांक एकत्र घेऊन ज्ञात अडचणींची यादी वाचावी. आवृत्तीच्या क्रमांकात शेवटी '.१' असलेली प्रत मिळत असेल, तर तीच घ्यावी. तिच्यात तोवरच्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात. उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यावरून काढलेला ६४ अक्षरांचा ताळा, प्रकाशकाने दिलेल्या ताळ्याशी जुळवावा. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी फाइल पुन्हा उतरवावी. इन्स्टॉलर अर्ध्यावर बंद पडण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

तिसरे, थांबले तर कोठे थांबले ते पाहावे. सुरुवातीलाच पडदा काळा झाला, तर बहुधा ग्राफिक्सचे भांडण असते, विशेषतः एनव्हिडियाचे कार्ड असेल तर. सुरू होण्याच्या ओळीत इंग्रजीत सलग 'नोमोडसेट' असे लिहिले, की इन्स्टॉलर साध्या चित्रपद्धतीने चालतो आणि योग्य ड्रायव्हर मागाहून घालता येतो. डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये ती इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर ठेवलेली असण्याचा संभव आहे. ती एएचसीआयवर आणावी लागते. मात्र शेजारी विंडोज ठेवायची असेल, तर तिची आधी तयारी केल्याशिवाय हा बदल करू नये, नाही तर विंडोज सुरू होणार नाही. वायफाय दिसत नसेल, तर ते ब्रॉडकॉमच्या चिपचे असू शकते, आणि तिचा ड्रायव्हर काही प्रतींत नसतो. अशा वेळी केबल जोडावी किंवा फोन यूएसबीने लावून त्याचे इंटरनेट वापरावे. या तिन्ही अडचणी वर्षानुवर्षे यादीत आहेत. ज्याने यादी वाचली त्याला त्या पंधरा मिनिटांच्या आहेत.

चौथे, 'सर्व डिस्क पुसा' या बटणापाशी थांबून कोणती डिस्क लिहिली आहे ते मोठ्याने वाचावे. बाहेरची डिस्क त्या वेळी काढून ठेवलेली असावी.

यादीत नसलेले कलम

एवढे सगळे यथासांग झाले, तरी मराठी घरातली एक अडचण उरतेच, आणि ती कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही.

युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वी आपण श्रीलिपी किंवा सी-डॅकचे 'योगेश', 'सुरेख' अशा टंकांत टाइप करत होतो. त्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर नसतेच. असतो तो इतर चिन्हांसाठी असलेला क्रमांक, आणि टंक त्या क्रमांकाच्या जागी मराठी आकार दाखवतो. टंक असेपर्यंत पत्र वाचता येते. नवी प्रणाली घातली, टंक गेला, की 'चि. सौ. सुनेस आशीर्वाद' हे विरामचिन्हे आणि परदेशी अक्षरे यांचा ढीग होऊन बसते. फाइल शाबूत, अर्थ गायब. आईवडिलांची पत्रे, नाटकांच्या संहिता, मंडळाच्या नव्वदीतल्या स्मरणिका अशा फायलींतच आहेत.

म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी जुन्या यंत्रावरच अशा फायली उघडाव्यात. त्यांच्या टंकांच्या फायली नकलेत वेगळ्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक मजकुराची पीडीएफ काढावी. तीत टंक आत शिवलेला असल्याने रूप टिकते. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बदलणारा प्रोग्रॅम त्याच टंकासाठी असावा, कारण प्रत्येक टंकाची क्रमवारी निराळी. बदलल्यावर मुद्रितशोधन हवेच : जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. 'स्थिती'सारखा जोडाक्षराचा शब्द किंवा रफार असलेला शब्द येथेच घसरतो. युनिकोडमध्ये आल्यावर मात्र काळजी नाही. रेड हॅटने प्रसिद्ध केलेला 'लोहित' टंक लिनक्सवर सहज मिळतो. लोहित म्हणजे तांबडा. नाव ठेवणाऱ्याला तांबडी टोपी आणि संस्कृत दोन्ही ठाऊक होती, असे दिसते.

हे कलम यादीत का नाही? कोणी मुद्दाम गाळले म्हणून नव्हे. यादीत तेच येते जे कोणी तरी कळवते, आणि मराठी लिहिणाऱ्यांनी कळवण्याचे प्रमाण आपल्या संख्येच्या मानाने फार कमी आहे. जोडाक्षर फुटले, 'दुसऱ्या'मधला र बिघडला, की आपण हसतो, नावे ठेवतो आणि इंग्रजीत लिहू लागतो. पलीकडे जो माणूस दुरुस्ती करायला बसला आहे, त्याला मराठी येत नाही. 'दुसऱ्या' कसा दिसायला हवा हे आपण दाखवल्याशिवाय त्याला कळणार नाही. तक्रार लिहायला पाच ओळी पुरतात : यंत्राचे मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, काय केले, काय दिसले, काय दिसायला हवे होते. शक्य तर पडद्याचे चित्र. त्रिज्येच्या पाच-सात मैलांत यंत्रे आणि प्रणाली बनवणारी इतकी माणसे राहतात, आणि त्यांतली कित्येक आपल्याच गणपतीच्या आरतीला उभी असतात. मराठीचे शुद्धिपत्र लिहायला याहून सोयीची वस्ती शोधून सापडणार नाही.